हॅशसाठी खूण सापडेना

आदरणीय जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा दोन्ही हातांनी नमस्कार. (हात मनगटापासून खांद्यापर्यंत ठणकतायत, पण तुम्हाला एका हाताने नमस्कार करण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला की अजून पाहुणे आले की येतो? आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या दिरांच्या डोळ्याखाली जरा निळं-हिरवं झालंय, त्याचं कारण पुढे येईल. आमचं भांडण झालेलं नाही एवढं आधीच सांगून ठेवते, कारण तुम्ही पत्र मधूनच वाचायला घेता हे मला माहीत आहे.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत की सध्या काय चाललंय, मी म्हटलं ब्लॉकचेन शिकतेय, आणि तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलात. ते "बरं" माझ्या कानात अडकून बसलंय. म्हणून सविस्तर लिहिते. अक्षर पानागणिक बदललेलं दिसेल, कारण सध्या मला एका जागी बसवत नाही. हे पान ओट्याशी उभी राहून लिहितेय, पुढचं कुठे होईल सांगता येत नाही.

मी कर्णबधिर लोकांसाठी दुभाष्याचं काम करते हे तुम्हाला ठाऊक आहेच (भाऊजी अजून चारचौघांत "ती हातवारे करते" असं सांगतात, ते एका अर्थी खरंच आहे). हे काम आम्ही जोडीने करतो. थोडा वेळ एकीने, थोडा वेळ दुसरीने, कारण सतत हात चालले की आधी डोकं थकतं आणि मग हात वाट्टेल ते बोलायला लागतात. तर माझी जोडीदारीण न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्रशिक्षण संस्थेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी वाद घालत होते. एका कानाने मला "ब्लॉक" ऐकू आलं, मग "चेन" ऐकू आलं, आणि मी हो म्हणून टाकलं. मला वाटलं सिमेंटचे ब्लॉक आणि ते वर ओढायची साखळी. बांधकामाचं शिक्षण असेल. मी आपली आरशासमोर वीट, भिंत, गिलावा, क्रेन अशा सगळ्या खुणा घोटून गेले. हेल्मेटची खूण तर मी फार सुरेख करते.

वर्गात पोहोचले तर हेल्मेटचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या (सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला हवेत म्हणून), समोर पडदा, आणि पडद्यावर एकमेकांना जोडलेले चौकोन. विद्यार्थी म्हणजे औषधं साठवणाऱ्या एका कंपनीच्या नोंदणी विभागातली माणसं. औषधाची पेटी कुठून आली, कोणी घेतली, कुठे गेली, हे लिहून ठेवणं हे त्यांचं काम. आता कंपनीने ठरवलं होतं की या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवायच्या. ज्यांना ते शिकून अधिकाऱ्यांसमोर नीट समजावता येईल त्यांनी नव्या विभागात जायचं, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी खाली शीतगृहात पेट्या बांधायला. त्यामुळे सगळे डोळे ताणून माझ्या हातांकडे बघत होते, आणि मी त्यांच्यासमोर भिंत, गिलावा आणि क्रेन घेऊन उभी.

आमच्याकडे, म्हणजे खुणांच्या भाषेत, माणसांना नावाने हाक मारत नाहीत, प्रत्येकाला एक खूण मिळते. शिकवणारे तरुण इंजिनियर बोलताना सारखे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात, म्हणून पहिल्याच तासाला त्यांचं नाव "येरझारा" पडलं. परत आलेल्या औषधांचं टेबल सांभाळणारी एक बाई आहे, तिची एक भुवई तिच्याआधी प्रश्न विचारते, ती "भुवई". मला त्यांनी काय नाव दिलं? "घाई". मी तक्रार केली, पण तीही म्हणे मी फार घाईने केली.

तर येरझारा आमच्याकडे पाठ करून म्हणाले की आधी हॅश समजून घ्या. हॅशला आमच्या भाषेत खूण नाही. मी अक्षरं बोटांवर काढली. सगळ्यांनी मान हलवली, म्हणजे कोणाला काही कळलं नाही. येरझारा म्हणाले की कुठलाही मजकूर घ्या, एक ओळ असो की जाडजूड ग्रंथ, तो एका ठरलेल्या गणिती कृतीतून काढला की ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची एक माळ मिळते. मजकूर तोच तर माळ तीच. मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला तर अख्खी माळ बदलते. आणि माळेवरून मजकूर परत मिळवता येत नाही. मला झटकन मिक्सर सुचला. वरून घातलं, फिरवलं, खाली आलं, आता टोमॅटो परत मिळणे नाही. मी मोठ्या झोकात मिक्सर फिरवला. भुवईची भुवई वर गेली. तिने विचारलं की मिक्सरमध्ये जास्त घातलं तर जास्तच बाहेर येतं, मग लांबी ठरलेली कशी? मी हे येरझारांना सांगितलं. ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, मिक्सर कुठून आला?

त्यानंतर मायनिंग. मी कुदळ मारली. (तुम्ही काय केलं असतंत?) येरझारा सांगत होते की काही ब्लॉकचेनमध्ये पुढचा ब्लॉक जोडायचा हक्क मिळवण्यासाठी संगणक एकामागून एक आकडे लावून बघत बसतात, हॅशच्या सुरुवातीला हवी तितकी शून्यं येईपर्यंत. तुमच्या कंपनीत हे लागणार नाही, पण माहीत असावं. ते हे सांगेपर्यंत माझी कुदळ मारून झाली होती आणि "तुमच्या कंपनीत" एवढंच पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी दोघे जण कार्मिक विभागात जाऊन बसले की आम्हाला खाणीत पाठवणार असाल तर तसं लेखी द्या. संस्थेच्या बाईंचा मला फोन आला. त्या वेळी भाजीवाला नव्हता, सगळं नीट ऐकू आलं.

(इथून पुढचं दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर लिहितेय. घाबरण्यासारखं काही नाही, मनगटाला पट्टा घ्यायला आले होते. तेवढ्यात दोनदा उठून फेरी मारून आले.)

मग मी घरी सराव करायला लागले, आणि घराची शांतता गेली. बसमध्ये मांडीवर हात आपोआप चालायचे. शेजारच्या गृहस्थांनी थोडा वेळ पाहिलं आणि उठून दुसरीकडे जाऊन उभे राहिले. सकाळी चहाला आधण ठेवून मी "नेटवर्क" बसवत होते, दोन्ही हात फाकून, सगळीकडे सारख्याच प्रती पोचतायत असं. तुमचे दीर साखरेचा डबा घ्यायला मागे येऊन उभे आहेत हे मला कळलं नाही. कोपर थेट डोळ्याखाली. ते ऑफिसात विचारणाऱ्याला "ब्लॉकचेन" एवढंच सांगतात, त्यामुळे त्यांचे पैसे बुडाले असं समजून लोक त्यांचं सांत्वन करतायत.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांचं ऐकणं गेल्या वर्षभरात किती कमी झालंय ते तुम्ही पाहिलं आहेच. यंत्र कपाटात पडून आहे, कानात घातलं की भांडीच जास्त ऐकू येतात म्हणतात. आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतो. तुमचे दीर "आई, चहा!" असं म्हणतात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा कप पुढे करत असतील. आणि ओरडून फक्त तेवढंच बोलता येतं, चहा, औषध, झोपा, दार लावा. कोणी ओरडून गप्पा मारत नाही. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात आणि आपण समजतो की त्यांना शांत बसायला आवडतं. मी तरी तसंच समजत होते.

तर त्या खुर्चीतून त्या माझे हात बघत होत्या. किती दिवस बघत होत्या कोण जाणे. एकदा मी भाजी चिरायची सोडून तीच ती खूण करून बघत होते, एका चौकोनातून पुढच्या चौकोनात काहीतरी नेऊन ठेवल्याची, आणि मागे वळले तर त्याही तीच खूण करत होत्या. मी चपापले. त्या म्हणाल्या, "ते काय आहे ते मला सांग, आणि ओरडू नकोस." मी सुरी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. (बसले. नोंद घ्या.) त्यांना खुणा येत नव्हत्या, मग थोडं हातांनी, थोडं ओठांनी, थोडं स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सांगितलं. नोंदींचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक. त्या गठ्ठ्याची माळ, म्हणजे हॅश, पुढच्या गठ्ठ्यात लिहून ठेवायची. कोणी मागच्या गठ्ठ्यात गुपचूप काही बदललं तर त्याची माळ बदलणार, पुढच्यात लिहिलेली जुनीच राहणार, आणि लबाडी उघडी पडणार. बरं, पुढचे सगळे गठ्ठे नव्याने लिहावेत तर प्रती सगळ्यांकडे आहेत, त्या कशा बदलणार? आईंनी अर्धं चुकीचं घेतलं. त्यांना वाटलं मी बँकेत नोकरी धरली. पण मग त्यांनी विचारलं, "आणि लिहिणाऱ्याच्या हातून प्रामाणिकपणे चूक झाली तर? ती पुसायची नाही?"

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागेना, हात एकीकडे आणि डोकं आईंच्या प्रश्नाकडे. आमच्या कामाचा पहिला नियम असा की समोरचा बोलेल तेवढंच हातांनी सांगायचं, आणि हात बोलतील तेवढंच तोंडाने. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि त्या दिवशी भुवई काहीतरी विचारत असताना माझ्या तोंडून निघून गेलं की चूक झाली तर पुसायची कशी. येरझारा खूश झाले, तिच्याकडे बघून म्हणाले, फार छान प्रश्न. मी ते हातांनी तिला सांगितलं. ती थंडपणे म्हणाली की मी हा प्रश्न विचारलेला नाही, मी विचारलं होतं की पंखा बंद करता येईल का.

जाऊबाई, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रश्न माझा होता. येरझारांना त्यात काही वावगं वाटलं नाही, पण भुवई तास संपल्यावर मला थांबवून म्हणाली की आयुष्यभर लोक माझ्या वतीने बोलत आलेत, निदान तू तरी नको. तिने हे फार बारीक हातांनी सांगितलं. बारीक हात म्हणजे आमच्याकडे हळू आवाज. त्या दिवशी मी घरी चालत गेले, बससाठी थांबवेना.

त्यानंतर वर्गाने माझ्या सगळ्या खुणा एकेक करून काढून टाकल्या. कुदळ गेली, मिक्सर गेला. त्यांनी आपापसात वाद घालून नव्या ठरवल्या. हॅशसाठी त्यांना अंगठ्याचा ठसा सुचला, डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दाबायचा. मजकूर कितीही मोठा असो, ठसा एवढाच, आणि दुसऱ्या कोणाचा तसा नाही. मला हे का सुचलं नाही म्हणून मी अख्खा दिवस स्वतःवर चिडले.

परीक्षा जवळ आली तेव्हा संस्थेला रंगकाम निघालं आणि सरावाला जागा नव्हती. मी म्हटलं आमच्याकडे या. (तुमच्या दिरांना विचारलं नाही, नंतर सांगितलं.) अख्खा वर्ग आला. दारात चपलांचा ढीग, आत माणसंच माणसं, सगळी एकाच वेळी बोलतायत, आणि आवाज म्हणाल तर फक्त खुर्च्या सरकल्याचा. शेजारच्या काकूंनी चपला पाहिल्या, आतली शांतता ऐकली, आणि पांढरी ओढणी घेऊन, चेहरा पाडून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हळूच विचारलं की कधी झालं. मी म्हटलं अजून व्हायचंय, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे.

आत आई त्यांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांना जेमतेम ओंजळभर खुणा येत होत्या आणि त्यांची सरमिसळ भयंकर होती, "ब्लॉक" म्हणायला जाऊन त्या "बिस्कीट" म्हणत होत्या, पण कोणालाही त्यांच्यावर ओरडावं लागत नव्हतं. कोणी त्यांच्याशी बोलायला आला की समोर येऊन बसायचा. त्यांनी तो चुकीचा प्रश्न, म्हणजे प्रश्न बरोबर पण माझ्या तोंडून चुकलेला, स्वतः भुवईला विचारला. भुवईने उत्तर दिलं की पुसायचं नाही, खाली नवी नोंद करायची की वरची चुकली, बरोबर अशी आहे. दोन्ही राहतात. आईंनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या की हे बरं आहे, आणि हसल्या. तुमचे दीर चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे राहिले. आई मोकळ्या हसतात तेव्हा नाक चिमटीत धरतात हे ते विसरून गेले होते म्हणे. मला तर माहीतच नव्हतं.

परीक्षेला कंपनीचे तीन अधिकारी आले, एक बोलणारे, बाकीचे मान हलवणारे. विद्यार्थ्याने हातांनी समजावायचं आणि मी ते तोंडाने सांगायचं. पहिले काही जण छान पार पडले. मग भुवई उठली. पेटी गोदामातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळं तिने ओघात सांगितलं, आणि मध्येच एक खूण केली, अंगठा पाठीमागे खांद्यावर दाबला आणि तोच पुढे छातीवर आणला. ती मी कधी पाहिलेली नव्हती. (त्यांनी ती आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ठरवली होती, मी तिथे नव्हते.) माझं तोंड बंद झालं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. अंदाज करता आला असता, आणि खरं सांगते, तो अंदाज बरोबरही निघाला असता. बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, "यांना पुढचं येत नाही का?"

मी म्हटलं, "त्यांना येतंय. मला कळलं नाही. मी त्यांना परत सांगायला सांगते."

भुवईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, मागच्या ब्लॉकचा ठसा पुढच्या ब्लॉकच्या पोटात कसा ठेवतात ते मला समजावलं, आणि मी ते शब्दशः मोठ्याने सांगितलं. ते सांगताना, जाऊबाई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ब्लॉकचेन कळली.

एक जण सोडून सगळे नव्या विभागात गेले. तो एक जण शीतगृहात स्वखुशीने गेला, त्याला उन्हाळ्याचा फार त्रास होतो. भुवई पुढच्या तुकडीला येरझारांच्या बरोबरीने शिकवणार आहे, आणि दुभाषी म्हणून तिने मलाच मागितलं. अट एकच, वर्गाच्या आधी मी तिच्याकडे तासभर शिकायला बसायचं. मी हो म्हटलं आहे. बसायचं कसं ते बघू.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा. आता हे पाकिटात घालते, नाहीतर परत खोडत बसेन.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि तीच लिहायची राहिली. महिनाअखेरीस भाऊजी आईंना तुमच्याकडे न्यायला येणार आहेत. या खेपेला नाही आले तर चालेल का? तुमची पाळी आहे, मला माहीत आहे. मागच्या वेळी मीच तुम्हाला फोन करून दोन दिवस आधी न्या म्हणाले होते, तेही माहीत आहे. पण आता त्यांना घरात बोलायला मिळतंय. वर्गातले लोक येतात, त्याही संस्थेत येऊन मागच्या खुर्चीवर बसतात. तुमच्याकडे त्या परत खिडकीजवळ जाऊन बसतील, असं मला सारखं वाटतं. राग मानू नका. तुमचे दीर म्हणतात की असं लिहिलंस तर वहिनी दुखावतील, पण मला याहून बरं लिहिता येत नाहीये.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजा. (खोडलेला नाही, भुवईच्या पद्धतीने खाली नवी नोंद करतेय.) मी पाकीट आणायला खाली गेले तेवढ्यात आईंनी चष्मा लावून सगळं पत्र वाचलं. हॅशचं बरोबर लिहिलंय म्हणाल्या, बिस्किटाचं खोटं आहे म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "मला थोरलीकडे जायचंय. तिलाही माझ्याशी बोलायचं असतं. ओरडून ओरडून तिचा घसा बसतो, मग ती गप्प होते आणि मी तिला टाळते." तर भाऊजींना ठरल्या दिवशी पाठवा. घर मला खायला उठेल ते माझं मी बघीन.

फक्त एवढं करा. त्या आल्या की जिन्यावरून हाक मारू नका. समोर या, हात वर करा, त्यांची नजर तुमच्यावर पडू द्या, आणि मग बोला.